कॉम्प्युटर सायन्सचा प्रबंध: सिनॉप्सिसपासून बाइंडिंगपर्यंत

तिसरं सेमिस्टर सुरू होतं ते पावसाळ्यात. त्याच सुमारास नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो आणि पुण्यातल्या एम.टेक.च्या निम्म्या वर्गाला 'अजून वर्ष पडलंय' असं वाटायला लागतं. मग गणपती, मग दसरा, मग दिवाळीला गावी. परत येऊन बघावं तर स्टेज वनचं प्रेझेंटेशन दारात उभं आणि हातात फक्त शीर्षक. मी स्वतः अशीच अडकले होते. आता ज्युनिअर मुलामुलींचे ड्राफ्ट वाचून देते, तर गाडी दरवर्षी त्याच खड्ड्यात जाते. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. उदाहरणं मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रबंधाची आहेत, कारण माझं काम तेच. तुमचा विषय नेटवर्क असो की डेटाबेस, पायऱ्या याच.

पहिली पायरी: शीर्षक नको, प्रश्न आणा

'डीप लर्निंग वापरून मराठी मजकुराचं सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस.' हे शीर्षक झालं (सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस म्हणजे वाक्याचा सूर चांगला की वाईट ते मशीनने ओळखणं). याला कोणी चूक म्हणू शकत नाही आणि बरोबरही म्हणू शकत नाही. प्रबंधाला लागतो प्रश्न, आणि तोही असा की वर्षभराने त्याचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'इतकं' असं देता येईल.

माझी चाचणी साधी आहे. टपरीवर चहा घेताना तुमचा विषय मित्राला एका वाक्यात सांगा. तो 'बरं, मग?' म्हणाला तर अजून प्रश्न झालेला नाही. 'मग काय निघालं?' म्हणाला तर झाला.

वरच्याच शीर्षकाचं उदाहरण घ्या. पुण्यात कौतुक आणि टोमणा यांची शब्दसंपत्ती एकच असते. 'वा, काय रस्ते केलेत! कंबरेची मालिश फुकटात.' आपल्याला कळतं, मशीनला 'वा' दिसतो आणि वाक्य सकारात्मक खात्यात जमा होतं. मग प्रश्न असा विचारता येईल: मराठी सेंटिमेंट मॉडेलच्या एकूण चुकांपैकी किती चुका उपरोधिक वाक्यांत आहेत, आणि ट्रेनिंगमध्ये, म्हणजे मॉडेल ज्या वाक्यांवरून शिकतं त्यांत, पाचशे उपरोधिक वाक्यं घातली तर त्या कमी होतात का? एवढा प्रश्न मास्टर्सला पुरतो. नवा अल्गोरिदम शोधायची अपेक्षा कोणाचीच नसते. नवा डेटा नीट तयार करणं, माहीत असलेली पद्धत नव्या जागी लावून ती कुठे तोंडावर पडते ते दाखवणं, किंवा कोणाचा तरी निकाल प्रामाणिकपणे पुन्हा करून बघणं, यातलं एक चोख केलं तरी चालतं.

चालत नाही ते एकच: अ‍ॅप. लॉगिन पान, डॅशबोर्ड, अ‍ॅडमिन पॅनेल हे बी.ई.च्या प्रोजेक्टला ठीक होतं. इथे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, पहिल्याच मिनिटाला विचारतात, 'यात तपासलंत काय?' आणि समोरची व्यक्ती पुन्हा लॉगिन पान उघडून दाखवायला लागते. हे मी दोनदा पाहिलंय.

गाईडकडे जाताना

गाईड निवडायला मिळत असेल तर नावापेक्षा वेळ बघा. सिनिअर्सना एवढंच विचारा की सर किंवा मॅडम ड्राफ्ट वाचतात का. प्रत्येक भेटीच्या आधी एक पान पाठवायचं: काय झालं, कुठे अडलं, पुढे काय. आणि 'सर, आता काय करू?' असं विचारायचं नाही. 'सर, हे दोन रस्ते दिसतात, मला दुसरा बरा वाटतो कारण...' असं म्हणायचं. त्यात तुम्ही चुकलात तरी सर तुमच्याशी बोलतात. पहिल्या प्रकारात ते फक्त काम सांगतात. भेट झाल्यावर ठरलेल्या गोष्टी तीन ओळींत मेल करून ठेवा. मार्चमध्ये 'हे मी कधी सांगितलं?' असं झालं तर त्या तीन ओळी कामाला येतात.

हिंजवडीतल्या कंपनीत इंटर्नशिप करता करता तिथल्याच डेटावर प्रबंध करणार असाल तर पहिल्या आठवड्यात लेखी विचारा की यातलं काय छापता येईल. माझ्या एका ज्युनिअरचं निकालाचं आख्खं प्रकरण शेवटच्या महिन्यात कंपनीच्या लीगलमध्ये अडकलं होतं.

वाचन

शोधायला गूगल स्कॉलर आणि डीबीएलपी (कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरांची सूची), भाषेच्या विषयासाठी एसीएल अँथॉलॉजी (भाषा-संगणनाच्या पेपरांचा संग्रह), आणि १९९१ पासून चालू असलेलं आर्काइव्ह, म्हणजे स्पेलिंगमध्ये 'एक्स' असलेलं, पेपर छापण्याआधीच टाकायचं संकेतस्थळ. एवढं बहुतेक वेळा पुरतं. मात्र आर्काइव्हवरचा पेपर कोणी तपासलेला असेलच असं नाही. तो पुढे कुठल्या परिषदेत छापला गेला का ते बघा आणि गेला असेल तर संदर्भ त्या छापील रूपाचा द्या. शोधगंगावर भारतातले पीएच.डी.चे प्रबंध मोफत उघडतात. तिथलं दुसरं प्रकरण वाचलं की त्या विषयाचा नकाशा एका बैठकीत हाती येतो.

पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू नका. सारांश, आकृत्या, तक्ते, निष्कर्ष एवढं बघायचं आणि ठरवायचं की हा आपल्या कामाचा आहे का. पन्नास चाळलेत की त्यातले वीस-पंचवीस नीट वाचायचे निघतात. त्यांचा एक तक्ता करा: डेटा कोणता, पद्धत कोणती, मोजलं कशाने, आणि काय राहिलं. हा शेवटचा रकाना भरला की लिटरेचर सर्व्हे अर्धा झाला. नाहीतर सर्व्हे म्हणजे 'अमक्याने हे केलं, तमक्याने ते केलं' अशी रेशनच्या दुकानासारखी रांग होते. सगळे उभे, कोणाचा कोणाशी संबंध नाही.

डिपार्टमेंटच्या लायब्ररीत मागच्या वर्षांचे प्रबंध असतात तेही काढून बघा. नक्कल करायला नव्हे. तुमच्याकडे मुखपृष्ठ, सर्टिफिकेट, समास, संदर्भांची पद्धत कशी चालते ते कळायला.

डेटा, आणि माझे अडीच महिने

मराठीवाल्यांचं नशीब आता बरं आहे. पुण्यातल्याच एल-थ्री-क्यूब गटाने २०२१ मध्ये महासेंट हा सुमारे १६ हजार मराठी ट्वीटचा डेटासेट खुला केला: सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ असे तीन वर्ग. असं काही तयार मिळत असेल तर आधी ते घ्या. स्वतः डेटा गोळा करून त्याला लेबलं लावणं हे दोन महिन्यांचं काम आहे, आणि ते कागदावर दोन आठवड्यांचं दिसतं.

तरीही लेबलं लावायची वेळ आलीच, तर एकट्याने लावू नका. मी उपरोधाची लेबलं दोघांकडून लावून घेतली होती. एक मैत्रीण नागपूरची, एक मित्र सदाशिव पेठेतला. तिला सगळं सरळ वाटायचं, त्याला काहीच सरळ वाटायचं नाही. अशा वेळी 'आमचं ९२ टक्के एकमत झालं' असं लिहून सुटका होत नाही. समजा शंभर वाक्यांपैकी दोघांनीही पाच-पाच उपरोधिक धरली, आणि त्यातलं एकच वाक्य दोघांत सारखं निघालं. मतभेद फक्त आठ ठिकाणी झाले, म्हणजे एकमत ९२ टक्के. पण दोघांनी डोळे मिटून त्याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी ९०.५ टक्के एकमत निघालंच असतं. हा योगायोगाचा भाग वजा करून मोजतात त्याला कोहेनचा कप्पा म्हणतात, आणि इथे तो जेमतेम ०.१६ येतो. म्हणजे उपरोध कशाला म्हणायचं हेच अजून ठरलेलं नाही. अशा वेळी लेबल लावण्याच्या सूचना पुन्हा लिहायच्या, दहा-दहा उदाहरणं द्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं. कंटाळवाणं आहे, पण व्हायवात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, सगळ्यात भक्कम उभं राहतं ते हेच पान.

आता माझी गोष्ट. मी बहुभाषिक बर्टचं (बर्ट म्हणजे भाषा समजायला आधीच शिकवून ठेवलेलं एक मॉडेल) मॉडेल घेतलं. ते केस्ड (कॅपिटल-स्मॉल अक्षरांतला फरक ठेवणारं) आणि अनकेस्ड (तो फरक काढून टाकणारं) अशा दोन रूपांत मिळतं. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल भानगड नाहीच, तेव्हा काय फरक पडतोय म्हणून अनकेस्ड घेतलं. अडीच महिने प्रयोग केले. निकाल वाईट नव्हते, फक्त एका जागी येऊन अडकायचे. लर्निंग रेट (मॉडेल शिकण्याचा वेग) बदलला, लेयर (मॉडेलचे थर) वाढवले, काही हलेना. एका रात्री वैतागून, मॉडेलच्या पोटात वाक्य नेमकं कसं जातंय ते छापून पाहिलं:

पुणे → पण
सुंदर → सदर
खूप → खप
वेळ → वळ

अनकेस्ड रूप अक्षरं लहान करतानाच युरोपीय भाषांतले अ‍ॅक्सेंट काढून टाकतं, आणि युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, हिशोबात आपले उकार, एक मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे त्याच गटात बसतात. काना आणि वेलांट्या दुसऱ्या गटात, म्हणून त्या शाबूत. त्यामुळे मजकूर पूर्ण मोडलेला दिसत नव्हता, लंगडत चालत होता. माझं मॉडेल 'खूप सुंदर पुणे' हे अडीच महिने 'खप सदर पण' असं वाचत होतं. आणि मॉडेलसोबतच्या सूचनापानावर केस्ड वापरा असं स्पष्ट लिहिलेलं होतं. जन्म पुण्यातला, आणि पाटी वाचली नाही.

म्हणून ही पायरी कुठल्याही मॉडेलच्या आधीची: डेटा शिरताना एकदा आणि प्रक्रिया झाल्यावर एकदा, वीस नमुने छापून स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे. मराठीत 'ऱ्या' दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, मशीनला दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तसंच. आधी सगळं एका रूपात आणा. मग दुबार आलेली वाक्यं काढून टाका, कारण फॉरवर्ड झालेलं एकच वाक्य ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही असेल तर तुमचं मॉडेल हुशार नाही, त्याला पेपर आधीच फुटलाय. टेस्टचा भाग, म्हणजे मॉडेलची परीक्षा घ्यायची वाक्यं, पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा आणि शेवटापर्यंत त्याला हात लावू नका.

आधी साधं करून बघा

मोठ्या मॉडेलकडे जाण्याआधी टीएफ-आयडीएफ (शब्दांना महत्त्वाप्रमाणे वजन देण्याची पद्धत) आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (वर्ग ओळखण्याची एक जुनी, साधी पद्धत) चालवा. साध्या लॅपटॉपवर मिनिटांत होतं. ही तुमची बेसलाइन, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो साधा निकाल. तुमचं थोरलं मॉडेल हिच्यापेक्षा थोडंच पुढे गेलं तर तेही सांगण्यासारखं आहे, पण ते ऑक्टोबरमध्ये कळलेलं बरं.

ज्या शहरात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तिथले आपण कोलॅबच्या (गूगलची ऑनलाइन कोड चालवायची सोय) फुकट जीपीयूवर, म्हणजे मॉडेल चालवायला लागणाऱ्या वेगवान चिपवर, दिवस काढतो. असो. कॅगल या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू मिळतो, कोलॅबवर सेशन कधी तुटेल सांगता येत नाही. दर इपॉकनंतर (डेटावरून एक पूर्ण फेरी झाल्यावर) चेकपॉइंट, म्हणजे मॉडेलची तोवरची प्रत, ड्राइव्हवर जाईल अशी सोय पहिल्या दिवशी करा. कोड गिटवर, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात. आणि प्रत्येक प्रयोगाची एक ओळ वहीत किंवा शीटमध्ये: तारीख, डेटाची कोणती आवृत्ती, सेटिंग्ज, सीड (यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा), निकाल, आणि हा प्रयोग का केला. शेवटचा रकाना सगळे टाळतात. मे महिन्यात नेमका तोच लागतो.

एका आकड्यावर विश्वास ठेवू नका

'बेसलाइन ८४ टक्के, आमचं मॉडेल ८५.२ टक्के.' बहुतेक प्रबंधांचा निकाल हा असा असतो. टेस्टमध्ये वाक्यं किती? पाचशे. म्हणजे फरक आहे सहा वाक्यांचा. पाचशे वाक्यांवर ८४ टक्के अचूकता मोजली तर ती योगायोगाने दोन्ही बाजूंना तीनेक टक्के हलू शकते. मग सहा वाक्यांवर 'आमची पद्धत श्रेष्ठ' असं लिहिता येत नाही.

एकच प्रयोग पाच वेगवेगळ्या सीडवर चालवा, सरासरी आणि तिच्या आजूबाजूचा विस्तार द्या. दोन मॉडेल एकाच टेस्टवर तपासत असाल तर मॅकनेमार चाचणी करा. एक बरोबर आणि दुसरं चूक अशी वाक्यं किती, एवढ्यावर ती चालते. हजारातली नऊशे वाक्यं तटस्थ असतील तर अचूकता लिहूच नका, कारण प्रत्येक वाक्याला 'तटस्थ' म्हणणारं ठोकळं मॉडेलसुद्धा ९० टक्के मिळवतं. तिथे मॅक्रो एफ-वन द्या, म्हणजे प्रत्येक वर्गाला सारखं वजन देणारं माप. शिवाय चुकलेली शंभर वाक्यं हाताने वाचा, त्यांचे गठ्ठे करा आणि प्रत्येकाला नाव द्या. माझ्या प्रबंधातलं लोकांनी वाचलेलं पान हेच.

लिहायचं कसं

पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नका, तिथे सगळे अडकतात. पद्धत आणि डेटा ही प्रकरणं प्रयोग चालू असतानाच लिहा, तपशील ताजे असतात. निकालाचे तक्ते तर प्रयोगाच्या आधी आखा, रकाने रिकामे ठेवून. रिकामा तक्ता बघितला की कोणता प्रयोग करायचाय आणि कोणता उगाच चाललाय ते कळतं. मग चर्चा, मग प्रस्तावना आणि सगळ्यात शेवटी सारांश.

इंग्रजीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण बारामती, लातूर, संगमनेरहून मराठी माध्यमातून आलेली मुलं इथेच खचतात. प्रबंध इंग्रजीत द्यायचाय, पण विचार इंग्रजीतच करायला हवा असा नियम नाही. परिच्छेद लिहिण्याआधी तो रूममेटला मराठीत समजावून सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग ऐकून त्यातले मुद्दे इंग्रजीत लिहा, वाक्यं छोटी ठेवून. वाक्याला वाक्य भाषांतर केलंत तर ओढाताण होते. मुद्द्यावरून लिहिलंत तर साधं पण स्वच्छ उतरतं, आणि परीक्षकांना स्वच्छच हवं असतं.

चॅटजीपीटीसारखं साधन व्याकरण तपासायला वापरायचं की नाही ते डिपार्टमेंटच्या नियमानुसार ठरवा आणि वापरलंत तर तसं लिहा. संदर्भ मात्र त्याच्याकडून कधीही घेऊ नका. ते अस्तित्वात नसलेला पेपर खऱ्या वाटणाऱ्या शीर्षकासकट देतं. जो पेपर तुम्ही उघडलेला नाही तो तुमच्या यादीत नको.

लेटेक (खुणा लिहून पानं जुळवणारं साधन) की वर्ड? समीकरणं, तक्ते आणि पन्नासेक संदर्भ असतील तर लेटेक, आणि संदर्भ साठवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर. मराठी उदाहरणं छापायची असतील तर साध्या पीडीएफ-लेटेकने देवनागरी नीट उमटणार नाही, झीलेटेक हा लेटेकचाच प्रकार निवडा आणि नोटोसारखा युनिकोड फाँट द्या. ओव्हरलीफच्या (ऑनलाइन लेटेकच्या) फुकट खात्यात जड प्रबंध कंपाइल होता होता थांबतो, आणि तो नेमका सबमिशनच्या आदल्या रात्री थांबतो. टेकलाइव्ह, म्हणजे लेटेकचा लॅपटॉपवर चालणारा संच, आधीच टाकून ठेवा. आलेख स्क्रीनशॉट काढून चिकटवू नका, पीडीएफमध्ये एक्स्पोर्ट करा. आणि ते काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही वाचता येतात का बघा, कारण निम्म्या प्रती तशाच निघतात.

समानतेचा टक्का

तुमचा मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो तो हा टक्का. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत त्याच्या चार पातळ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर यात धरत नाहीत. काही कॉलेजं स्वतःची मर्यादा आणखी कडक ठेवतात, ऑफिसात विचारून घ्या.

रिपोर्टमध्ये टक्का जास्त आला की मुलं समानार्थी शब्द बदलत बसतात आणि 'न्यूरल नेटवर्क'चं भलतंच काही होऊन बसतं. त्यापेक्षा मूळ पेपर मिटा, त्यातलं जे आठवतं ते लिहा, मग उघडून पडताळा आणि संदर्भ द्या. टक्का आपोआप उतरतो.

बाइंडिंग आणि व्हायवा

शेवटचा आठवडा सह्यांचा. गाईड, एचओडी, प्राचार्य यांच्यापैकी एक जण नेमका रजेवर असतो. सर्टिफिकेटची पानं आधी छापून सह्या घ्या, मग बाकीचा गठ्ठा. डावीकडे दीड इंच समास ठेवलात तर शिवणीत अक्षरं जात नाहीत. हार्ड बाइंडिंगला टाकण्याआधी एक स्पायरल प्रत काढून कागदावर वाचा. स्क्रीनवर न दिसलेल्या चुका कागदावर दिसतात. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास असो की कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला, मे-जूनमध्ये सगळीकडे रांग असते आणि 'उद्या संध्याकाळी' याचा अर्थ परवा सकाळी. कव्हरवरच्या सोनेरी अक्षरांतलं स्पेलिंग त्याच्या मशीनवर उभं राहून तपासा. ती अक्षरं दाबली गेली की खोडता येत नाहीत.

व्हायवाला स्लाइड वीसच्या आत ठेवा. तयारी चार प्रश्नांची करा: यात तुमचं नेमकं काय, हेच माप का, बेसलाइन कोणती, आणि मॉडेल कुठे चुकतं. येत नसेल तिथे 'हे तपासलं नाही' म्हणा, रचून सांगू नका. समोरच्यांनी अशी शंभर रचलेली उत्तरं ऐकलेली असतात.

त्या अडीच महिन्यांचं काय झालं, तर गाईडने मला तो प्रयोग लपवू दिला नाही. केस्ड आणि अनकेस्ड शेजारी शेजारी ठेवून, कोणत्या मराठी शब्दांची कशी वाट लागते याचा एक विभाग करायला लावला. व्हायवाच्या दिवशी एक्स्टर्नलनी माझी सगळी स्लाइड्सची तयारी बाजूला सारून प्रबंध उघडला, थेट त्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे 'सुंदर'चं 'सदर' कसं झालं ते फळ्यावर लिहून दाखवा." पुढची पंधरा मिनिटं मी खडूने उकार आणि अनुस्वार पुसत होते.